दोघंच जण, ४६ फुटी बोट आणि ग्रीसचे धक्के

ट्रिपवरून येऊन तीन आठवडे झाले, उजव्या तळहातावरचा दोराचा वळ आत्ता कुठे फिका व्हायला लागलाय, तो पूर्ण जायच्या आत लिहून टाकते.

आधी आम्ही कोण ते सांगते. राहतो साउथहॅम्प्टनजवळ. माझं माहेर हर्णै, काकांची मच्छीमारी बोट होती, त्यामुळे पाण्याचं मला कधी कौतुकही नव्हतं आणि भीतीही. नवरा पुण्याचा, लहानपणी पाणी म्हणजे खडकवासला, आणि बोटीचं वेड मात्र त्यालाच. त्याच्या नादाने दोघांनीही डे स्किपरचा, म्हणजे शिडाची बोट स्वतः चालवायचा कोर्स केला, ३४ फुटी बोटीवर. मग मे महिन्याच्या शेवटी ग्रीसमधलं सॅरॉनिक आखात, एक आठवडा, स्कीपर (बोट चालवणारा माणूस) न घेता, अथेन्सच्या अलिमोस मरीनातून (अशा बोटींच्या बंदरातून) निघायचं आणि तिथेच परत. ३६ फुटी बोट बुक केली होती. विमान, हॉटेल, टॅक्सी सगळं सरळ झालं म्हणून ते सोडून देते.

शनिवार, अलिमोस

बोटीच्या ऑफिसात गेलो तर तिथली मुलगी हसत हसत म्हणाली, तुमच्या बोटीचा गिअरबॉक्स गेलाय, त्याच पैशात ४६ फुटी देतो, लकी आहात! नवऱ्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. मी धक्क्यावर जाऊन बोट बघितली. १४ मीटर लांब, चार केबिन, वजन साधारण १२ टन. चाकापाशी उभं राहिलं तर पुढचं टोक, आमच्याकडे ज्याला नाळ म्हणतात ते, दिसतच नव्हतं. आणि माणसं किती, तर दोन.

ग्रीसमध्ये एकाकडे लायसन्स लागतं आणि दुसऱ्याने अनुभव असल्याचं लिहून द्यावं लागतं, म्हणजे कागदावर दोघं पुरतात. शीड सोडताना, उलटसुलट वळताना खरंच पुरतात. अडचण येते ती फक्त धक्क्याला लावताना, दिवसातली ती शेवटची दहा मिनिटं.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी: ग्रीसच्या छोट्या बंदरात बोट आडवी लावत नाहीत, कारण तेवढी जागाच नसते. पुढून नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत रिव्हर्समध्ये मागे यायचं, आणि बोटीची पाठ धक्क्याला लावून मागून दोन दोर बांधायचे. मग फळी टाकून उतरायचं. म्हणजे एकाच वेळी कामं तीन, सुकाणू, नांगर आणि दोर, आणि पहिली दोन बोटीच्या दोन टोकांना.

बोट ताब्यात घेताना तिथला मुलगा टीव्ही, फ्रीज, गॅस दाखवत बसतो, त्याला थांबवा आणि हे विचारा: विंडलासचा, म्हणजे नांगर उचलायच्या मोटरचा ब्रेकर कुठेय (आमचा मागच्या केबिनमध्ये गादीखाली निघाला!), साखळी किती मीटर आणि तिच्यावर रंगाच्या खुणा कशा, आणि रिव्हर्स टाकल्यावर बोटीची पाठ कुठल्या बाजूला सरकते. आमची डावीकडे सरकायची. वेग आला की मगच सुकाणूचं ऐकायची.

आम्ही अर्थातच यातलं काही विचारलं नाही. टीव्ही बघितला.

रविवार, एजिना

साधारण १६ नॉटिकल मैल, वारा छान, दुपारी तीनला एजिनाच्या तोंडाशी. बंदराच्या तोंडावर पांढरंशुभ्र छोटं चर्च आहे, सेंट निकोलसचं, ते बघून मी मोबाईल काढला. तो खिशात ठेवायला हवा होता.

नवरा चाकावर, मी पुढे नांगरावर, कारण कोर्समध्ये तसंच होतं आणि आजूबाजूच्या सगळ्या बोटींवरही तसंच, पुरुष चाकावर, बाई धावपळीला. वारा बाजूने १५ नॉट (ताशी १५ नॉटिकल मैल). जागा दोन बोटींच्या मधली. नवरा ओरडला "टाक!", मी टाकला. पण धक्का तेव्हा जेमतेम दीड बोट लांब होता, म्हणजे साखळी गेली वीसेक मीटर, खोली सहा मीटर. एवढ्याशा साखळीवर नांगर कसला रुततोय. बोट मागे जातेय तोवर वाऱ्याने नाळ ढकलली, नवऱ्याने बो थ्रस्टर (नाळ बाजूला ढकलणारी छोटी मोटर) दाबून धरला, तो गरम होऊन बंद पडला. मग "दोर! दोर!" अशी हाक. दोर मागे, मी पुढे. १४ मीटर धावले, वाटेत पाय अडकला फेंडरच्या (बोट घासू नये म्हणून कडेला लावायच्या फुग्याच्या) दोरीत, पोचेपर्यंत आमची डावी बाजू शेजारच्या जर्मन बोटीवर टेकलेली. त्या बोटीवरचे साठीपुढचे काका शांतपणे एक गोल फेंडर मध्ये धरून उभे. धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ, हातात कॉफीचा प्लास्टिकचा ग्लास, दुसऱ्या हाताने त्यांनी आमचा दोर झेलला. कॉफी सांडली नाही.

त्या वेळात मी दोराला हिसका देऊन एकटीने बोट ओढायला गेले, तळहातावरचा वळ तेव्हाचा. १२ टन वजन हाताने ओढायचं नसतं, दोर क्लीटला, म्हणजे बोटीवरच्या दोर बांधायच्या खुंटीला, एक वेढा देऊन धरायचा, जोर क्लीटने घ्यायचा. आणि पायाने तर कधीच ढकलू नका, दोन बोटींच्या मध्ये पाय आला तर तो पाय राहत नाही.

आम्ही एकमेकांना काय काय बोललो ते लिहीत नाही. मराठीत बोललो एवढं बरं.

एजिना मात्र गोड गाव. धक्क्याला लागलेल्या होडीतच भाजीचं दुकान, टोमॅटो, काकड्या, हिरव्या मिरच्या. पिस्त्याचं बेट आहे हे, सगळीकडे पिस्ते, पिस्त्याचा मुरांबा, पिस्त्याचं आईस्क्रीम. स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानी १८२८ मध्ये इथे होती हे खरं वाटत नाही, एवढं निवांत. मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत गाव्रोस खाल्ले, पिठात घोळवून कडकडीत तळलेले बोटभर मासे. काट्यासकट खायचे. मी म्हटलं ही तर मांदेली, आणि खरंच एकाच कुळातली आहेत, फक्त यांना हळद-तिखट माहीत नाही.

जेवताना तेच जर्मन काका-काकू शेजारच्या टेबलावर. सॉरी म्हणायला गेलो तर त्यांनी खुर्च्या ओढल्या. ते दोघंही चाळीसेक वर्षं दोघंच फिरतात. काका काही बोलेचनात, काकूंनीच टिश्यू पेपरवर काढून दाखवलं: नांगर तीन-चार बोटींच्या अंतरावर टाका आणि जागेच्या समोर नाही, वारा जिकडून येतो तिकडे थोडा सरकून. साखळी थांबवू नका, मोकळी जाऊ द्या. धक्का दोन मीटरवर आला की साखळी अडवा. आणि मग, हे महत्त्वाचं, इंजिन हळू रिव्हर्समध्येच राहू द्या. पुढून नांगर ओढतोय, मागून पंखा ओढतोय, बोट मध्ये ताणलेली, ती कुठेही जात नाही. मग पुढच्या माणसाने चालत मागे यायचं. "चालत," काकू पुन्हा म्हणाल्या आणि माझ्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघितलं. आल्यावर वाऱ्याकडचा दोर आधी.

रात्री दोन वाजता ठप्प असा आवाज. उशिराच्या कुठल्यातरी मोठ्या बोटीची लाट आली असावी, आमचा नांगर सुटून पाठ धक्क्यावर आपटली. हातभर लांब ओरखडा. ३००० युरो डिपॉझिट डोळ्यासमोर. उरलेली रात्र फेंडर धरून.

सोमवार, एपिदाव्रोस

सकाळी एजिनातून सुटताना मी म्हटलं, आज चाक माझ्याकडे. नवरा म्हणाला अगं पण कोर्समध्ये तुझे रिव्हर्सचे मार्क... मी म्हटलं साखळी अडकली, गुंतली तर ती सोडवायला जोर कोणाकडे जास्त आहे, आणि दोर लांब कोण फेकतं? चाक फिरवायला कुठे ताकद लागते. यावर तो गप्प बसला कारण खरंच होतं.

पलेआ एपिदाव्रोसच्या मोकळ्या खाडीत तासभर नुसता सराव केला. एक फेंडर पाण्यात टाकला आणि तोच धक्का समजून त्याच्याकडे रिव्हर्स. चाकाच्या मागे उभं राहून मान वळवत बसायचं नाही, चाकाच्या पुढच्या बाजूला येऊन पाठीकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे गाडी पुढे चालवल्यासारखंच होतं. हे कळलं आणि अर्धी भीती गेली. दुसरं, न्यूट्रल केल्यावर बोट किती लांब वाहत जाते ते मोजलं. ३४ फुटीच्या मानाने ही कितीतरी लांब जायची, थांबायचं नावच नाही. म्हणजे वेग दोन नॉटच्या आसपास, सुकाणू ऐकेल इतकाच, त्याहून जास्त नाही.

आणि खुणा ठरवल्या. हर्णैला आमच्या काकांच्या बोटीवर तांडेल (बोटीचा म्होरक्या) कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. हात वर केला की नांगर, हात आडवा केला की थांब, बाकी कोणी काही बोलायचं नाही, कारण कोण कुठे उभं राहणार ते बोट निघायच्या आधीच ठरलेलं. आम्ही तेच घेतलं. वर एकच नियम: दोघांपैकी एकाने जरी मुठी आवळून दाखवल्या तर बोट बाहेर काढायची, कारण नंतर विचारायचं.

त्या दिवशी पहिल्या फेरीत नवऱ्याने मुठी दाखवल्या. बाहेर काढली. दुसऱ्यांदा बोट गेली जागेवर, कोणी बघतही नव्हतं याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी टॅक्सीने मोठं थिएटर बघितलं, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं, चौदा हजारांच्या आसपास माणसं बसायची म्हणे. खाली मधोमध एका पोराने कागद फाडला तो आम्हाला वरच्या रांगेत ऐकू आला. नवरा म्हणाला, काल एजिनात आपणही असंच ऐकू गेलो असणार.

मंगळवार-बुधवार, पोरोस

मेथानाच्या द्वीपकल्पाला वळसा घालून साधारण २० मैल. मेथाना म्हणजे ज्वालामुखी, जमिनीवरचा शेवटचा उद्रेक सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा, आता नुसते काळे खडक आणि मधूनच गंधकाचा वास. पोरोस आणि समोरची मुख्य जमीन यांच्यात खाडीएवढंच पाणी, समोरच्या गालातास गावातला माणूस हाक मारेल इतकं जवळ. टेकडीवर निळं-पांढरं घड्याळाचं टॉवर, खाली पायऱ्यापायऱ्यांनी घरं.

बंदरात शिरायच्या आधी बाहेरच दहा मिनिटं थांबून सगळी तयारी केली: दोन्ही बाजूंना फेंडर, पाठीला एक, मागचे दोन्ही दोर रेलिंगच्या बाहेरून काढून गुंडाळी वर ठेवलेली, नांगराची पिन काढलेली, विंडलास एकदा चालवून बघितलेला. मग एक फेरी नुसती बघायला. ४५ मीटर साखळी सोडली. नवरा चालत मागे आला. दोर फेकला. धक्क्यावरच्या माणसाने तो कडीतून ओवून परत दिला म्हणजे सुटताना कोणाच्या मदतीची गरज नाही, दोर बोटीवरूनच सोडता येतो. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. नवऱ्याने डब्यातला बेसनाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला, मी चाक सोडलं नव्हतं अजून.

पोरोसला दोर बांधले तरी पाठ धक्क्यापासून दीड-दोन मीटर लांब ठेवा, फळी पोचेल इतकी. फेरी आणि फ्लाइंग डॉल्फिन (जलद प्रवासी बोटी) सारख्या जा-ये करतात, लाटा येतातच.

बुधवारी सकाळी निघायला नांगर उचलला तर वर आल्या दोन साखळ्या. रात्री शेजारी आलेल्या कॅटामरानने (दोन सांगाड्यांच्या बोटीने) स्वतःची साखळी आमच्या साखळीवर टाकली होती आणि दहाच्या दहा जण झोपलेले. इथे चार माणसं असती तर चार सल्ले असते. नवऱ्याने पुढे वाकून त्यांच्या साखळीखालून एक दोर घातला, दोन्ही टोकं आमच्या क्लीटला, म्हणजे त्यांची साखळी दोरावर टांगलेली राहिली. मग आमचा नांगर अर्धा मीटर खाली, मी अगदी हळू रिव्हर्स, नांगर मोकळा झाला, वर घेतला, मग दोराचं एक टोक सोडलं. त्यांची साखळी छपकन पाण्यात. हात मध्ये घालायचा नाही, साखळीवर तर नाहीच. कॅटामरानवरचा एक जण चड्डीवर बाहेर आला, कालिमेरा (सुप्रभात) म्हणाला आणि परत आत गेला.

बुधवार दुपार, हायड्रा (नाही झालं) आणि एरमिओनी

हायड्रासाठीच खरं तर एवढा आटापिटा. गाड्यांना बंदी, सामान खेचरांवर, बंदराच्या तोंडाशी जुन्या तोफा. आम्ही साडेअकराला पोचलो, इतक्या लवकर जागा मिळेल असं सगळे म्हणतात. मिळाली नाही. बंदर म्हणजे मोठ्या विहिरीएवढं, धक्क्याला एक रांग, तिच्या पुढ्यात दुसरी रांग, त्या बोटींचे दोर पहिल्या बोटींना, आणि तळाशी साखळ्यांची चटई. एक फेरी मारली. एक जण हात हलवून "या, या, माझ्या पुढे लावा" म्हणत होता. वारा वाढत होता. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी चाकावरून मुठी दाखवल्या, तोही दाखवतच होता.

साधारण दहा मैल पुढे एरमिओनीला गेलो, धक्का अर्धा रिकामा, पहिल्या फेरीत लागलो. गुरुवारी सकाळी तिथून तिकीट काढून जलद बोटीने हायड्राला पाहुण्यासारखे उतरलो, धक्क्यावर कॉफी घेऊन बसलो आणि दीड तास तमाशा बघितला. सात नांगर एकात एक. एका बोटीवर सहा पुरुष, सहाही जण बोट दाखवतायत, वेगवेगळ्या दिशेला. खेचरं मात्र कोणी न सांगता ओळीने उभी. दोघांनी जायचं असेल तर हायड्रा असंच बघा, बोट एरमिओनीला ठेवून. मला तरी यात काही कमीपणा वाटत नाही, नवऱ्याला अजून थोडा वाटतो.

गुरुवार रात्र पोरोसच्या रशियन बेमध्ये नुसतं नांगरून. धक्का नाही, दोर नाही, पोहे केले, पाण्यात उड्या मारल्या. भरती-ओहोटी जवळपास नाहीच या समुद्राला, मला तर सवयीने रात्री उठून पाणी किती उतरलं बघायची हुक्की आली.

शुक्रवार, परत अलिमोस

वाटलं आता मरीनात तर सोपं, तिथे नांगरच नाही, तळाला बांधून ठेवलेला दोर उचलून पुढे बांधायचा, कंपनीची माणसं मदतीला. मरीनाच्या तोंडाशी फोन केला तर म्हणे तुमच्या जागेवर दुसरी बोट आहे, तासभर बाहेरच्या धक्क्याला आडवी लावून थांबा. आडवी! आठवडाभर एकदाही आडवी लावली नव्हती. त्यात वारा १८ नॉट, धक्क्यावरून आमच्याकडे, म्हणजे बोट जवळ नेली की वारा परत लांब ढकलणार.

यालाच दोघांसाठी एक युक्ती आहे आणि ती मी कोर्समध्ये शिकून विसरले होते, पुस्तकातला फोटो काढून नवऱ्याने दाखवली. पुढचा दोर नाही, मागचा नाही, आधी मधला. बोटीच्या मध्यावरच्या क्लीटचा एकच आखूड दोर. नवरा मध्यावर, शिडाच्या तारांना धरून उभा, उडी मारायची नाही. मी तिरकी हळूहळू आत आले, खुंटा त्या क्लीटच्या थोडा मागे राहील असं. धक्क्यावर एक पोरगा धावत आला, पुढचा दोर द्या म्हणून हात पसरून. हा मदतीचा प्रकार धोक्याचा, कारण तो पुढचा दोर जीव खाऊन ओढतो, नाळ धक्क्याला आणि पाठ गेली वाऱ्यावर. नवऱ्याने त्याला मधल्या दोराचा फास दिला आणि म्हणाला, खुंट्यात टाक, ओढू नको. पोराला पटलं नाही पण टाकला. मी चाक धक्क्याच्या उलट बाजूला पूर्ण फिरवलं आणि इंजिन अगदी हळू पुढे. दोर ताणला, करकरला. आणि बोट, १२ टनांची, १८ नॉटच्या वाऱ्यात, आपणहून आडवी आडवी धक्क्याकडे सरकायला लागली, फेंडर चेपले आणि तिथेच राहिली. इंजिन चालू ठेवून मी चाकावरून हात काढला. पुढचा आणि मागचा दोर नंतर सावकाश बांधले. पोरगा दोराकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाला, ब्राव्हो.

एजिनाचा ओरखडा कंपनीने बघितला, मोजला, फोटो काढले, १८० युरो कापले. घासाघीस केली नाही.

संध्याकाळी काकांना हर्णैला व्हिडिओ पाठवला, आडव्या लावण्याचा, नवऱ्याने एका हाताने काढलेला, हलणारा. अर्ध्या तासाने फोन आला. म्हणाले, बघितलं गो, बरी लावलीस. मग थोडं थांबून म्हणाले, एवढी मोठी बोट आठ दिवस फिरवलीत, मासळी काय गावली?